गेज रूममधले त्यागीजी आणि आमचं मॉडेल

धरणात गाळ साठतो तसे सरकारी ऑफिसात किस्से साठतात. फरक एवढाच, की गाळ काढायचं टेंडर निघतं, किश्शांचं निघत नाही. ते माझ्यासारख्या रिकाम्या बाईला बाहेर काढावे लागतात. संक्रांतीला आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. जाताना सगळे गंभीर असतात. येताना मुरथलला पराठे पोटात गेले, की मागच्या सीटवरून हाक येते, "वैद्यकाकू, तो मोज्यांचा किस्सा सांगा ना!"

तर तोच आधी. पण त्याच्याही आधी आमच्या ऑफिसची थोडी ओळख.

नव्वदीची सुरुवात होती. आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. घराघरात केबल येत होती, नाक्यावर परदेशी नावांची कोल्ड्रिंक्स येत होती, आणि आमच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आला. काम असं, की एका अख्ख्या नदीचं खोरं त्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं. धरणं, कालवे, पाऊस, शेती, शहरं, सगळं. म्हणजे मग साहेब लोकांनी विचारायचं, "आज इतके दरवाजे उघडले तर परवा खाली किती पाणी?" आणि कॉम्प्युटरने उत्तर द्यायचं. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'निर्णय साहाय्य प्रणाली'. आम्ही त्याला मॉडेल म्हणायचो. नदीचं नाव सांगत नाही. दोन राज्यं अजून तिच्यावरून भांडताहेत आणि माझं पेन्शन चालू आहे!

आम्ही तिघं. नाफडे साहेब मुख्य, मूळचे अकोल्याचे. मी प्रोग्राम लिहिणारी. आणि गेज रूमचे त्यागीजी, बागपतकडचे. गेज म्हणजे नदीत उभी केलेली आकड्यांची पट्टी, तिच्यावर पाण्याची उंची वाचतात. त्या वाचनांची तीस-पस्तीस वर्षांची रजिस्टरं त्यागीजींनी लाल कापडात बांधून ठेवलेली होती.

*

कॉम्प्युटरसाठी ऑफिसात पहिला एसी बसला. नाफडे साहेबांच्या खोलीत पंखाच होता. त्यामुळे मे महिना लागताच साहेबांच्या सगळ्या मीटिंगा कॉम्प्युटरच्या तब्येतीची चौकशी करायला त्याच खोलीत व्हायला लागल्या. डबेही तिथेच उघडायचे. पण एक नियम कडक होता: धूळ चालणार नाही, बूट बाहेर काढायचे.

एक दिवस मंत्रालयातून एक फार मोठे साहेब मॉडेल बघायला आले. नाफडे साहेब दारात हात जोडून म्हणाले, "सर, शूज़ प्लीज़." मोठे साहेब क्षणभर थबकले. मग त्यांनी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा पूर्ण बाहेर!

सगळे एकदम स्क्रीनकडे बघायला लागले, आणि स्क्रीन तर अजून चालूसुद्धा केलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. 'संगणक कक्षात पादत्राणे काढण्याचा नियम केवळ अराजपत्रित कर्मचाऱ्यांना लागू राहील.'

राजपत्रित म्हणजे ज्यांच्या नेमणुका सरकारी राजपत्रात छापून येतात ते, म्हणजे नाफडे साहेब आणि मी. त्यागीजी अराजपत्रित. ते आदेश वाचून, बूट हातात घेऊन, मला म्हणाले, "मॅडम, आप लोगों के बूट में धूल नहीं लगती. आज पता चला."

त्या आदेशाखाली दारावर आमच्या नावांचा कागदही लागला. श्री नाफडे. श्रीमती वैद्य. आणि खाली नुसतं 'त्यागी, गेज रूम'. 'श्री' फक्त राजपत्रितांना. ही काही कुणाची दुष्टाई नव्हती, टायपिस्टला तसंच शिकवलेलं होतं. पण त्यागीजी रोज सकाळी बूट काढताना तो कागद पुन्हा एकदा वाचायचे, हे मी पाहत होते.

*

रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये भरायला आम्हाला दोन हिवाळे लागले. त्यागीजी वाचायचे, मी टाइप करायची.

"चौदह जुलाई. दो मीटर चालीस. पानी मटमैला, झाग के साथ. ऊपर कहीं किनारा कटा है."

"त्यागीजी, सिर्फ़ दो चालीस बोलिए."

"और झाग?"

"झाग का खाना नहीं है." फेसासाठी मॉडेलमध्ये रकानाच नव्हता.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॅडम, बहू देखने जाओ और सिर्फ़ उसकी लंबाई लिखकर लाओ, तो रिश्ता होगा?"

मला हसू आवरेना. पण तेव्हापासून मी बाजूला एक वही ठेवली आणि फेस, रंग, वास, वाहून आलेली झुडपं, सगळं त्यात लिहायला लागले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

*

आता नाफडे साहेबांच्या शोधाची गोष्ट.

सगळे आकडे भरून झाले तशी मॉडेलने एक गंमत दाखवली. एका ठिकाणच्या गेजवर दरवर्षी ऐन पावसाळ्यात आठ-दहा दिवस नदी हलतच नव्हती. आजही तेवढीच, उद्याही तेवढीच. बरं, तारखा ठरलेल्या नाहीत. एका वर्षी जुलैच्या शेवटी, पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस आधी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी आधी, मग एकदम उडी मारून ऑगस्टात.

नाफडे साहेबांनी पंचांग मागवलं. आमच्याच घरचं नेलं. दोन दिवस दार लावून बसले आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते लाल होऊन. "वैद्यबाई, चंद्र! अहो बाप्पा, चंद्र! समुद्रावर चंद्राचा परिणाम होतो हे ठाऊक होतं. पण समुद्रापासून इतक्या लांब, आतल्या नदीवर? हे जगात कुणी पाहिलेलं नाही!"

त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला. सतरा पानं झाली. परदेशातल्या परिषदेला पाठवायचं ठरलं. नकाशे रंगवायला मी बसले होते. त्यागीजी चहा घेऊन आले, नकाशाकडे बघत म्हणाले, "ये क्या बन रहा है?"

साहेबांनी मोठ्या प्रेमाने सगळं समजावलं. अमावस्या, पौर्णिमा, गुरुत्वाकर्षण. त्यागीजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहब, इस घाट पर तो सोहनपाल है ना. गेज वही पढ़ता है."

"हां, तो?"

"हर सावन कांवड़ लेने हरिद्वार जाता है. पैदल. जाने से पहले आठ-दस दिन का पानी एक साथ लिख जाता है."

नदीचं पाणी मोजायला ठेवलेला माणूस दरवर्षी श्रावणाच्या तिथी बघून खांद्यावर कावड घेऊन गंगेचं पाणी आणायला जात होता, आणि आम्ही चंद्राला धरून बसलो होतो!

साहेबांनी सतरा पानं खणात ठेवली. संध्याकाळी जाताना हळूच म्हणाले, "वैद्यबाई, पंचांग तेवढं घेऊन जा. चतुर्थी लागते ना तुम्हाला."

*

हा छोटाच आहे. दोन राज्यांचे इंजिनियर मॉडेलवर पाण्याची वाटणी बघायला आले. आम्ही आकडे दाखवले. एका बाजूचे उठून म्हणाले, "ये कंप्यूटर उनका है!" दुसऱ्या बाजूचे म्हणाले, "बिल्कुल नहीं, इनका है!" दोघंही चहा न पिता गेले.

मी रडकुंडीला आले होते. नाफडे साहेब मात्र खुशीत सगळ्यांचे समोसे एका ताटलीत गोळा करत होते. "घाबरता काय? दोघंही नाराज, म्हणजे मॉडेल बरोबर!"

*

त्याच सुमारास लोक नोएडात घरं घ्यायला लागले. तेव्हा नोएडा म्हणजे सेक्टरचे आकडे लिहिलेल्या पाट्या, आणि पाट्यांमागे मोहरीची शेतं. नाफडे साहेबांनाही एका सोसायटीत फ्लॅट मिळणार होता. मजला निवडायचा होता. साहेबांनी मॉडेल चालवलं. सगळ्यात मोठा पूर धरला, बंधारा धरला, चार दिवस गणित केलं. उत्तर आलं, तळमजला सुरक्षित. वहिनींना बाग करायची होती, त्यामुळे साहेबांना हेच उत्तर हवंही होतं.

तरी एका रविवारी त्यांनी त्यागीजींना स्कूटरवर मागे बसवून जागा दाखवायला नेलं. त्यागीजी अर्धा तास नुसते फिरले. एका जुन्या विहिरीत वाकून पाहिलं, मूठभर माती उचलून बोटांतून सोडली, कोपऱ्यातली झाऊची झुडपं पाहिली. झाऊ नदीच्या वाळूत उगवतं.

"साहब, कॉलोनी बहुत सुंदर बनेगी," ते म्हणाले. "आप तीसरी मंज़िल ले लो."

साहेबांनी तिसरा मजला घेतला. मॉडेलवर त्यांचा विश्वास होता, पण घर ते घर!

*

मॉडेलवरून आठवलं. त्याचं एक दुखणं जात नव्हतं. मोसमातला पहिला पूर ते नेहमी वाढवून सांगायचं. वरून पाणी सुटलं की मॉडेल म्हणायचं, खाली धोक्याची खूण ओलांडणार. खाली यायचं त्याहून कितीतरी कमी. पुढचे पूर मात्र चोख. आम्ही सगळं तपासलं, सापडेना.

एका जूनमध्ये खरंच वेळ आली. वरच्या बाजूला जोराचा पाऊस, मॉडेलवर लाल रेघ धोक्याच्या खुणेच्या वर. काठावरची वस्ती हलवायची का, हे मंत्रालयाला तासाभरात हवं होतं. हलवली आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी कुणी हलणार नाही. नाही हलवली आणि आलं, तर काय, ते सांगायला नको. नाफडे साहेबांचा हात फोनवर होता.

त्यागीजी दारात बूट काढत होते. तिथूनच म्हणाले, "साहब, नहीं आएगा. पहला पानी रेत पी जाएगी."

"किती पिईल?" साहेब घाईत मराठीतच ओरडले.

"सूखे साल के बाद पांचवां हिस्सा. पैंतीस साल से देख रहा हूं. रजिस्टर में लिखा है, आपकी मशीन में खाना नहीं था."

मी माझी वही उघडली. खरंच, दर पहिल्या पुरापुढे त्यांचा शेरा होता: 'रेत प्यासी', म्हणजे वाळू तहानलेली. साहेबांनी फोन उचलला आणि सांगितलं, "वस्ती हलवू नका. पण नावा तयार ठेवा." संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं खिडकीपाशी उभे होतो, जणू नदी तिथून दिसणार होती. पाणी खुणेच्या खाली वीतभर थांबलं आणि उतरलं.

साहेबांनी त्यागीजींना मिठी मारली. "त्यागीजी, फायनल रिपोर्टमध्ये तुमचं नाव पहिल्या पानावर. आमच्या बरोबर. श्री लावून!"

त्यागीजी त्या शनिवारी गावी जाऊन आले आणि सोमवारी मला म्हणाले, "घरवाली ने पूरे गांव में कह दिया, मॅडम. अब तो छपना ही पड़ेगा." ते हसत होते. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

*

पुढचा किस्सा मी बसमध्ये सांगत नाही.

रिपोर्ट तीनदा वर गेला आणि तीनदा एकाच खुणेने खाली आला. पहिल्या पानावरचं तिसरं नाव लाल शाईने खोडलेलं, समासात लिहिलेलं: 'अराजपत्रित.' नाफडे साहेब स्वतः जाऊन भांडले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, त्या दिवशी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला म्हणतात. काही झालं नाही. चौथ्यांदा रिपोर्ट गेला तो दोनच नावांनी. माझं नाव त्यात होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मला लाज वाटली होती, अजूनही वाटते.

त्याच महिन्यात त्यागीजी रिटायर झाले. निरोपाला त्यांच्या पत्नी आल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात गुळाची भेली. सगळ्यांचे हार-तुरे झाल्यावर त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "बेटी, वो रिपोर्ट में इनका नाम आ गया?"

मागून त्यागीजी म्हणाले, "छप रही है. सरकारी काम है, टैम लगता है."

सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसले. पहिल्या पुराचा तो पाचवा हिस्सा मॉडेलमध्ये घालायचा राहिला होता. तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत आकड्याला नाव द्यायला सहाच अक्षरं मिळायची. मी रोमन लिपीत टाइप केलं: त्यागी. पाच अक्षरांत बसलं. त्याच्या वर एक शेरा लिहिला. शेरे मशीन वाचत नाही, माणसांसाठी असतात, त्यामुळे त्यांना लांबीचं बंधन फारसं नसतं. आणि ते मंजुरीसाठी कुणाकडे पाठवावेही लागत नाहीत.

*

आता शेवटचा.

मधे बरीच वर्षं गेली. नाफडे साहेब नोएडातल्या तिसऱ्या मजल्यावरून अकोल्याला परतले. मी सरकारी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नोएडातल्याच एका कंपनीत लागले. काचेची बिल्डिंग, गळ्यात कार्ड, कॅबने येणं-जाणं. बूट घालून कुठेही जा!

एक दिवस कंपनीला काम मिळालं: त्याच नदीची नवी निर्णय प्रणाली. निधी नावाची एक हुशार मुलगी ते बघत होती. परदेशात शिकून आलेली. सरकारी पाहुण्यांपुढे तिचं प्रेझेंटेशन होतं आणि मी मागच्या खुर्चीत होते. भिंतीएवढ्या पडद्यावर नकाशा, गावावर बोट ठेवलं की तिथलं पाणी निळं होऊन दिसे. फार सुंदर होतं. पण चार स्लाइड झाल्या आणि माझ्या लक्षात आलं, आत आमचंच जुनं मॉडेल आहे. वरून रंग दिलाय.

निधी म्हणाली, "पहिल्या पुरासाठी आम्ही त्यागी फॅक्टर वापरलाय."

मी खुर्चीत सरळ झाले.

पाहुण्यांतले एक साहेब म्हणाले, "त्यागी? कौन से त्यागी? किस यूनिवर्सिटी के?"

"सर, मूळ पेपर मिळाला नाही. जुन्या कोडमध्ये होता."

"रेफरन्स नहीं है, तो निकाल दीजिए."

निधीने तिथल्या तिथे काढून दाखवला. पडद्यावरची लाल रेघ उसळून खऱ्या पुराच्या रेघेच्या कितीतरी वर गेली. परत घातला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

साहेब पुढे झुकले. "कोड दिखाइए."

भिंतीएवढ्या पडद्यावर जुनी मोठी अक्षरं आली. रोमन लिपी, पण आपली हिंदी. निधीने अडखळत वाचलं: "श्री रामफल त्यागी, गेज रूम, के कहने से. पहला पानी रेत पीती है."

साहेब म्हणाले, "रहने दीजिए. और रिपोर्ट के पहले पन्ने पर इनका नाम डालिए. जैसा लिखा है, वैसा ही."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. वहीच्या मागच्या पानावर बागपतकडचा नंबर होता, आधी त्यागीजींच्या शेजाऱ्यांचा, नंतर त्यांचा स्वतःचा. बराच वेळ वाजला. मग तोच आवाज, थोडा पातळ झालेला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. पडदा, साहेब, पहिलं पान.

"मॅडम," ते म्हणाले, "श्री के साथ?"

"श्री के साथ, त्यागीजी."

त्यांनी रिसीव्हर बाजूला धरल्याचा आवाज आला. मग लांबून, अंगणाच्या दिशेने, त्यांचा आवाज ऐकू आला.

"सुनती हो? रिपोर्ट छप गई!"